रुमालाखालचा सौदा आणि नवे यंत्र

कारंजा लाड हे नाव उच्चारले की भाविकांना नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान आठवते आणि अभ्यासकांना तेथील जैन ग्रंथभांडारांतील हस्तलिखिते आठवतात. या गावाची आणखी एक ओळख आहे, पण ती फारशी कोणाच्या स्मरणात नाही. भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ साली कारंज्याच्या कापूस बाजारात स्थापन झाली. वऱ्हाड प्रांत १८५३ पासून निजामाच्या वतीने इंग्रजांच्या कारभाराखाली होता. हैदराबादच्या रेसिडेन्सीने काढलेल्या हुकुमान्वये ही बाजारपेठ अस्तित्वात आली. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९२८ साली शाही शेती आयोगाने असेच बाजार देशभर असावेत, अशी शिफारस केली. आज ज्याला आपण बाजार समिती म्हणतो, त्या व्यवस्थेचे एक मूळ वऱ्हाडच्या या गावात आहे.

हा इतिहास आज उकरून काढण्याचे कारण गावाभिमान हे नव्हे. लहान व्यापारात नवी साधने झपाट्याने शिरत आहेत. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर पैसे स्वीकारणाऱ्या चौकटीचे चित्र चिकटवलेले आहे, अडत्याच्या बैठकीवर संगणक आहे, धान्य व कापूस इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला जातो, बिल यंत्रातून बाहेर पडते आणि शेतमालाची बोली पडद्यावर लावण्याची सोय झाली आहे. या बदलाविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, जो बदलणार नाही तो बुडेल. दुसरा म्हणतो, यंत्र आले की माणूस गेला. दोन्ही सुरांत यंत्र हाच कर्ता आहे. माणसाच्या वाट्याला फक्त परिणाम येतात. कारंज्याचा जुना बाजार मात्र वेगळे काही शिकवतो.

उघड झालेला भाव

नियंत्रणापूर्वी देशातील अनेक बाजारांत सौदा रुमालाखाली होत असे. खरेदीदार आणि अडत्या आपले हात एका फडक्याखाली घेत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याचा माल त्याने समोर बसून फक्त रुमालाची हालचाल पाहावयाची. भाव ठरल्यावर कडता, नमुना, धर्मादाय अशा नावांखाली वजनातून किंवा पैशातून काहीबाही कापले जाई. वजनेही ज्याची त्याची. मापारी बहुधा खरेदीदाराच्या मर्जीतला.

बाजार नियंत्रणाच्या चळवळीने हळूहळू जे बदल आणले, त्यांत यंत्र म्हणावे असे काहीच नव्हते. उघड बोली, परवाना घेतलेला मापारी, तपासलेली वजने, ठरवून दिलेली हमाली आणि तोलाई, हातात पडणारी हिशेबपट्टी. तरीही ते त्या काळचे नवे तंत्रच होते, कारण तंत्र म्हणजे केवळ लोखंड आणि वीज नव्हे. काम करण्याची नवी रीत हेही तंत्रच आहे. आणि या रीतीचे सार एका गोष्टीत होते: ज्याचा माल आहे त्याला भाव आणि वजन दोन्ही दिसले पाहिजे.

ही सुधारणा शेतकऱ्याच्या कळवळ्यातून जन्मली असे मानण्याचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस भेसळीवाचून आणि रास्त भावात हवा होता, हा तिचा मुख्य हेतू. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे कारंज्यावरून गेली, तीही कापूस वाहण्यासाठीच. पिकवणाऱ्याच्या प्रतिनिधित्वाची स्पष्ट तरतूद यावयास मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्यापर्यंत थांबावे लागले. स्वतंत्र महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना समितीत बहुमत दिले, आणि हमाल-मापारी यांचाही एक प्रतिनिधी तेथे बसू लागला. म्हणजे सुधारणा आली एका हेतूने आणि उपयोगी पडली दुसऱ्याच कारणाने. ज्यांच्यावर तिचा परिणाम होणार होता ती माणसे निर्णयाच्या बैठकीत येऊन बसली, म्हणून ती त्यांची झाली.

आता पडद्यावरच्या बोलीकडे पाहू. राष्ट्रीय कृषी बाजाराची ई-नाम ही योजना १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली आणि महाराष्ट्रातील शंभराहून अधिक बाजार समित्या तिला जोडल्या गेल्या. दूरच्या खरेदीदारालाही बोली लावता यावी, चार व्यापाऱ्यांनी आपसांत संगनमत करून भाव पाडू नये, हा तिचा हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु ज्या शेतकऱ्याला तो पडदा वाचता येत नाही, किंवा ज्याच्या समोर तो पडदा वळवलेलाच नाही, त्याच्या दृष्टीने हा नवा पडदा म्हणजे तो जुना रुमालच होय. हात पुन्हा झाकले गेले. फरक एवढाच की फडक्याच्या जागी काच आली. भाषा मराठी असेल, अक्षर मोठे असेल, पडदा शेतकऱ्याकडे तोंड करून असेल आणि लागलेली प्रत्येक बोली कोणी मोठ्याने वाचून दाखवीत असेल, तर हेच यंत्र १८८६ च्या कामाचा पुढचा टप्पा ठरेल. यंत्र तेच, त्याचे तोंड कोणाकडे आहे यावर सारे अवलंबून आहे.

काट्याचेही तसेच. साध्या तराजूत दांडी मारलेली डोळ्यांना दिसते, पारड्याखाली चिकटवलेले काही हाताला लागते. इलेक्ट्रॉनिक काटा साध्या तराजूपेक्षा अधिक अचूक असतो, पण त्याच्या पोटातील लबाडी कोणालाच दिसत नाही. २०१७ साली पेट्रोल पंपांच्या यंत्रांत चिप बसवून माप मारल्याची प्रकरणे उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात उघडकीस आली, तेव्हा ही गोष्ट सर्वांना कळली. यास्तव काटा जितका नवा, तितकी त्याची पडताळणी अधिक उघड असावयास हवी. वैधमापन खात्याचा शिक्का असणे आवश्यक आहेच. परंतु रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकासमोर प्रमाणित वजन ठेवून काटा दाखवणे, ही साधी चाल शिक्क्याहून अधिक विश्वास देते.

चार आणे आणि एक रात्र

नवी पद्धत लहान दुकानदाराच्या अंगवळणी कशी पाडावी, याचा आपल्या देशात एक मोठा आणि यशस्वी प्रयोग होऊन गेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. हिशेब अवघड होता, कारण एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होत आणि सव्वा पैसा कोणी देत नाही. तरीही गोंधळ आवाक्यात राहिला. जुनी नाणी नव्यांबरोबर चालू ठेवली होती, टपाल कचेऱ्यांत आणि दुकानांत रूपांतराची कोष्टके टांगली होती, शाळेतील मुले घरी जाऊन आजीला नवा पैसा समजावून सांगत होती. वजनांचे काम याहून सावकाश झाले. मापांचा कायदा १९५६ चा. किलोग्रॅम बाजारात आला तो ऑक्टोबर १९५८ मध्ये, निवडक भागांत. आणि तो सर्वत्र सक्तीचा होण्यास १९६२ उजाडले. शेर आणि मण गेले, पण त्यांना निरोप घेण्यास अवधी मिळाला. नव्या पैशातील ‘नवा’ हा शब्द १९६४ साली गळला. चार आण्याचे, म्हणजे पंचवीस पैशांचे, नाणे तर २०११ पर्यंत चलनात होते. रुईचा भाव आजही बाजारात खंडीवर बोलला जातो. ७८४ पौंडांची ती जुनी खंडी आता ३५६ किलोंची म्हणून ओळखली जाते, एवढाच बदल. नव्या पद्धतीने जुन्या शब्दाला घरातून हाकलले नाही, कोपऱ्यात जागा दिली.

याच्याशेजारी अलीकडचे दोन प्रसंग ठेवून पाहावेत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या आणि रोखीवर चालणाऱ्या लहान धंद्यांना दुसऱ्या दिवशी सकाळपासून नव्या साधनांकडे वळावे लागले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. पहिली तीन-चार महिने कापडवाला, भांडेवाला, छापखानेवाला आपला धंदा सोडून विवरणपत्रांच्या मागे धावत होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये लहान करदात्यांना दरमहाऐवजी दर तिमाहीस विवरण भरण्याची सवलत द्यावी लागली. १ फेब्रुवारी २०१८ रोजी सुरू केलेली मालवाहतुकीच्या ई-वे बिलाची सक्ती संगणकव्यवस्था कोलमडल्याने त्याच दिवशी पुढे ढकलावी लागली. आणि एप्रिल २०१९ पासून मालाच्या व्यापारासाठी नोंदणीची मर्यादा चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत वाढवावी लागली. कर योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. ज्या दुरुस्त्या अखेर कराव्याच लागल्या, त्यांची गरज गावातील कोणत्याही दिवाणजीने आधी विचारले असते तर सांगितली असती, एवढाच मुद्दा आहे. विचारण्याचा खर्च थोडा असतो. न विचारल्याचा खर्च दुकानदार भरतो.

अर्थात, सगळे नवे साधन जुलमानेच येते असे नाही. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत २०१६ साली निघाली आणि पाहता पाहता पानठेल्यापर्यंत पोचली. त्यापूर्वी कार्ड घासण्याचे यंत्र होतेच. पण त्याचे भाडे, प्रत्येक व्यवहारावरील कपात आणि कागदपत्रे यांमुळे ते लहान दुकानात रुजले नाही. छापील चौकटीचे चित्र मात्र जवळजवळ फुकट होते, विजेवाचून चालत होते आणि दुकानदाराकडून कोणतेही नवे कौशल्य मागत नव्हते. पुढे खोट्या व्यवहाराचे चित्र दाखवून फसवणूक होऊ लागली, तेव्हा रक्कम मोठ्याने सांगणारी छोटी पेटी आली. दुकानदाराचे दोन्ही हात पिठात असोत, त्याला वाचता येत नसो, गल्ल्यावर म्हातारी आई बसलेली असो, पेटी मराठीत सांगते की इतके रुपये मिळाले. हे यंत्र माणसाच्या सवयीकडे चालत आले, म्हणून माणसाने त्याला जागा दिली.

एक लाखाची अट

यंत्र माणसाकडे चालत यावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. या समजुतीला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण ज्याचे वर्षाचे पोट एका शेतावर आहे, त्याने नव्या अवजाराविषयी साशंक असणे हा त्याचा हिशेबच असतो. फसलेल्या प्रयोगाची भरपाई त्याला कोण देणार? शंका दूर होते ती उपदेशाने नव्हे. शेजाऱ्याच्या शेतात नांगर चाललेला पाहून होते.

याहून बोलका दाखला १९२९ चा आहे. अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. बक्षिसाच्या अटी मुद्दाम वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे आणि खेड्यातील झोपडीत हाताने किंवा पायाने सहज चालावे. एका स्त्रीला ते आठ तास फारसे श्रम न होता चालविता यावे. ते भारतात दीडशे रुपयांपेक्षा अधिक खर्च न येता तयार व्हावे. ते मजबूत असावे, वीस वर्षे टिकावे, आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. या अटी पूर्ण करणारे यंत्र कोणालाच देता आले नाही आणि बक्षीस तसेच राहिले. तरीही त्या अटींची योग्यता कमी होत नाही. प्रथम ते चालविणाऱ्या बाईचा विचार, मग तिच्या घराचा, मग तिच्या ऐपतीचा, मग दुरुस्तीचा, आणि यंत्र शेवटी. आज लहान दुकानदारापुढे जी संगणकीय साधने मांडली जातात, त्यांच्या जाहिरातीत नेमका हाच क्रम उलटा असतो. दर वर्षी भरावयाचे भाडे किती, बिघडल्यावर कारंज्यात कोण दुरुस्त करणार की अकोल्याहून माणूस येईपर्यंत धंदा बंद ठेवावयाचा, आणि उद्या हे साधन सोडावयाचे ठरविले तर आपला हिशेब आपल्या हातात परत मिळेल की नाही, हे प्रश्न दुकानदाराने विचारावे लागतात. कोणी आपणहून सांगत नाही.

मापाऱ्याचा प्रश्न

येथवर दुकानदार आणि शेतकरी यांचा विचार झाला. आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. वजन यंत्र करू लागले, तर तोलाई कशाची द्यावयाची, असे शेतकरी विचारतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे; त्याच्या पट्टीतून कापला जाणारा प्रत्येक रुपया त्याच्या घामाचा आहे. मी तीस वर्षे पारडे धरले, आता मी कोठे जावे, असे मापारी विचारतो. त्याचेही म्हणणे बरोबर आहे. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यात हमाली, तोलाई आणि वाराई यांच्या कपातीच्या वादावरून कांद्याचे लिलाव बंद पडले, तेव्हा हा तिढा साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. दोन गरिबांना समोरासमोर उभे करून आपण बाजूला व्हावे, असा यंत्राचा स्वभाव असतो. जिनिंगमध्येही हेच झाले. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेतून अनेक जिनांचे आधुनिकीकरण झाले. रुई स्वच्छ निघू लागली, भाव सुधारला, ही जमेची बाजू. परंतु कापसाच्या पाट्या डोक्यावरून वाहणाऱ्या आणि यंत्राच्या तोंडाशी कापूस घालणाऱ्या बायांचे काम सरकत्या पट्ट्यांनी केले. त्या बायांना विचारण्यासाठी कोणती बैठक झाली होती?

बँकांतील कारकुनांच्या वाट्याला हे नशीब आले नाही, याचे कारण ते संघटित होते. १९८३ च्या सप्टेंबरात बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला. किती यंत्रे यावीत, ती चालविणाऱ्यास कोणता भत्ता मिळावा आणि कोणाची नोकरी जाणार नाही याची हमी, हे सारे कागदावर उतरले. त्या काळी संघटनांवर प्रगतीला खीळ घातल्याची टीका झाली. आज मागे वळून पाहता दिसते ते असे की संगणक आला, पूर्णपणे आला, आणि त्याला येऊ देताना माणसांना सावरण्यास वेळ मिळाला. हे वाचणाऱ्या अनेक निवृत्त कर्मचाऱ्यांनी ते दिवस स्वतः पाहिले असतील. परंतु कापडाच्या दुकानातील गुमास्ता, अडतीवरचा दिवाणजी, औषधांच्या दुकानातील मदतनीस यांना अशी कोणतीही संघटना नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तर दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानांना बहुतेक बंधनांतून मोकळे केले. बाजार समितीत मापाऱ्याला निदान एक खुर्ची आहे. दुकानात गुमास्त्याला तीही नाही; तेथे मालकाची सदसद्विवेकबुद्धी हाच त्याचा कायदा.

लहान दुकानाचे भांडवल

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. कारंज्यातील दुकानदार म्हणेल, मोठ्या शहरांतील कंपन्या घरपोच माल पाठवू लागल्या आहेत; माझा नफा आधीच घटला आहे; नोकराला विचारत बसण्याची चैन मला परवडणार नाही. त्याची अडचण खरी आहे. पण मोठ्या कंपनीजवळ नसलेले आणि त्याच्याजवळ असलेले भांडवल कोणते, याचा त्याने शांतपणे विचार करावा. कोणत्या घरी लग्न निघाले आहे, कोणाचे सोयाबीन पावसात गेले म्हणून त्याची उधारी दिवाळीनंतरच येईल, कोणत्या गुरुजींना कोणता तांदूळ लागतो, हे सारे दिवाणजीच्या डोक्यात असते. ते कोणत्याही खात्यात लिहिलेले नसते. संगणक आणून दिवाणजीला घरी बसविणारा मालक पगार वाचवितो आणि दुकानाची स्मरणशक्ती गमावतो. मग त्याच्या दुकानात आणि दूरच्या कंपनीत फरक तो काय राहिला? भावात तर कंपनी त्याला हरविणारच.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. इंग्लंडमधील कोळसा खाणींविषयी एरिक ट्रिस्ट आणि केनेथ बॅमफोर्थ यांनी १९५१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॅमफोर्थ हे स्वतः पूर्वीचे खाणकामगार. खाणीत नवी यंत्रे आली तेव्हा एकमेकांवर विसंबून काम करणाऱ्या लहान टोळ्या मोडून प्रत्येकाला एकेक तुकड्याचे काम देण्यात आले. यंत्रे उत्तम असूनही अपेक्षित उत्पादन निघाले नाही; गैरहजेरी आणि बेबनाव वाढला. याच विचारधारेच्या पुढील अभ्यासांत असे आढळले की जेथे कामगारांनी त्याच यंत्रांभोवती आपल्या टोळ्या पुन्हा बांधल्या, तेथे काम सुधारले. यंत्राची निवड आणि माणसांची रचना यांचा विचार एकत्र केला पाहिजे, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. चाळीस माणसांच्या खाणीला जे लागू, ते चार माणसांच्या दुकानाला अधिकच लागू, कारण तेथे एक माणूस दुखावला तर चौथा हिस्सा दुकान दुखावते.

काय करता येईल?

सरकारी योजनेची वाट न पाहता गावपातळीवर करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. पहिली अशी की नवे यंत्र घेण्यापूर्वी ते जो चालविणार आहे त्याला विकत घेण्याच्या बैठकीत बसवावे, आणि दुकानातील सर्वांत जुन्या माणसाला प्रथम शिकवावे. सामान्यतः मालकाचा मुलगा शिकतो आणि जुना माणूस त्याच्याकडे पाहत राहतो. तेथूनच अढी सुरू होते. जुन्या माणसाला शिकण्यास चार दिवस अधिक लागतील, परंतु हिशेबातली चूक यंत्राआधी त्यालाच कळेल. दुसरी गोष्ट, निदान एक हंगाम जुनी वही आणि नवा संगणक बरोबर चालवावेत. दशमान नाण्यांच्या वेळी देशाने जे केले, ते एका दुकानाला अशक्य नाही. तिसरी, वाचलेल्या वेळाचा आणि पैशाचा काही वाटा ज्याच्या कामात बदल झाला त्याला मिळावा: थोडी पगारवाढ, संध्याकाळी लवकर सुटी, किंवा निदान यंत्रामुळे नोकरी जाणार नाही असा स्पष्ट शब्द.

बाजार समितीपुरते बोलावयाचे तर मापाऱ्याला काट्याचा राखणदार करता येईल. रोज सकाळी प्रमाणित वजनाने काटा तपासणे, शेतकऱ्याला आकडा वाचून दाखविणे, पट्टी त्याच्या हातात देणे आणि तक्रार झाल्यास साक्ष देणे, हे काम यंत्र स्वतः करू शकत नाही. त्याचा मोबदला शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता समितीच्या उत्पन्नातून द्यावा, अशी मागणी शेतकरी आणि मापारी यांना मिळून करता येईल. ज्या प्रश्नावर ते आज भांडतात, त्यावर ते एका बाजूला उभे राहू शकतात.

आणि शिक्षक व विद्यार्थी यांनाही येथे काम आहे. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी करण्याची पद्धत आली. कोरडवाहू शेतकऱ्याला ही नोंदणी करून देण्याचा कोणी धंदा करावा, त्यापेक्षा महाविद्यालयातील मुलांनी आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल टाकून बसावे आणि नुसती नोंदणी करून न देता ती कशी करावी हे शिकवावे. १९५७ साली शाळेतल्या मुलाने आजीला नवा पैसा शिकविला, त्याच जातीचे हे काम आहे.

यंत्राला विरोध करणे निरर्थक आहे आणि त्याची आरती करणे त्याहून निरर्थक आहे. कारंज्याच्या बाजाराने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी देशाला जी वाट दाखविली, तिचा पाठपुरावा करणे पुरेसे आहे. कोणतेही नवे साधन दारात आले की त्याला दोन प्रश्न विचारावेत. ज्याचा माल, ज्याचे श्रम किंवा ज्याचा पैसा यात आहे, त्याला आत काय चालले आहे ते दिसते काय? आणि त्याला ते पटले नाही तर बोलण्याची जागा आहे काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर ते साधन खुशाल घरात घ्यावे. तसे नसेल, तर ते कितीही नवे, झगझगीत आणि वेगवान असो, हात अजून रुमालाखालीच आहेत असे समजावे आणि रुमाल उचलण्याचा आग्रह धरावा.